क्वार्टरबॅकआधी संघाची परीक्षा घ्या

अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, दर एप्रिलला महाविद्यालयीन खेळाडूंची निवड होते. बत्तीस संघ, सात फेऱ्या, आणि आदल्या मोसमात जो संघ सर्वांत खाली राहिला त्याला पहिली पसंती, म्हणजे निवडीची पहिली पाळी, असा या ड्राफ्टचा साधा नियम आहे. दुबळ्याला हात देणारा हा नियम न्याय्य वाटतो, आणि बहुतेक जागांवरच्या खेळाडूंपुरता तो न्याय्य आहेही. क्वार्टरबॅकच्या बाबतीत मात्र देशातला सर्वांत होतकरू मुलगा बहुधा अशा संघाच्या हाती पडतो, ज्याला त्याला घडवणे सर्वांत कमी जमते. गेल्या काही वर्षांतल्या निवडी पाहून माझे ठाम मत झाले आहे की, मुलाला पारखण्यात जेवढा वेळ, पैसा आणि बुद्धी खर्च होते, त्याच्या निम्म्याने जरी संघांनी स्वतःला पारखले असते, तरी आज ज्यांना ‘फसलेली निवड’ म्हणून हिणवले जाते त्यांतले बरेच जण चांगले खेळाडू झाले असते.

हा खेळ न पाहणाऱ्या वाचकासाठी थोडे सांगायला हवे. प्रत्येक चालीच्या सुरुवातीला चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती येतो. त्याच्यासमोर पाच धिप्पाड सहकाऱ्यांची फळी असते आणि ती भेदून त्याला पाडायला प्रतिस्पर्धी धावून येत असतात. साधारण अडीच-तीन सेकंदांत त्याने समोरच्या अकरा जणांचा डाव ओळखायचा, धावत सुटलेल्या साथीदारांपैकी कोण मोकळा होणार आहे हे आधीच ताडायचे आणि चेंडू तिथे पोहोचवायचा. मैदानावरच्या दुसऱ्या कोणत्याही खेळाडूच्या एकट्याच्या चुकीने संघाचे एवढे नुकसान होत नाही, म्हणूनच संघ या एका जागेसाठी वाटेल ती किंमत मोजायला तयार होतात.

किंमत किती, तर २०२३ चे उदाहरण घ्यावे. कॅरोलायना पँथर्सने शिकागो बेअर्सकडून पहिल्या क्रमांकाची पसंती घेतली. बदल्यात नववा क्रमांक, दुसऱ्या फेरीची त्या वर्षीची एक पसंती, २०२४ ची पहिल्या फेरीची, २०२५ ची दुसऱ्या फेरीची आणि वर डी. जे. मूर हा आपला सर्वोत्तम रिसीव्हर दिला. मिळालेल्या पसंतीवर त्यांनी अलाबामा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक ब्राइस यंग घेतला. ज्याच्याकडे चेंडू टाकायचा तोच माणूस देऊन टाकल्यावर नवा मुलगा चेंडू कोणाकडे टाकणार, हा प्रश्न त्या व्यवहारातच दडलेला होता. पहिल्या मोसमात यंग ६२ वेळा चेंडू हातात असतानाच पाडला गेला, संघाने सतरापैकी दोन सामने जिंकले, अकरा सामन्यांनंतर मुख्य प्रशिक्षक फ्रँक राइक यांना काढण्यात आले आणि पुढच्या वर्षी दोन सामने होताच यंगला बाकावर बसवले गेले. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टनने घेतलेला सी. जे. स्ट्राउड त्या वर्षीचा आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. पँथर्सनी चुकीचा मुलगा निवडला, एवढाच निष्कर्ष बहुतेकांनी काढला. पण दोघांच्या जागा बदलल्या असत्या तर काय झाले असते, हे विचारल्याशिवाय तो निष्कर्ष अर्धवटच राहतो. खुद्द स्ट्राउडच्या दुसऱ्या मोसमात ह्यूस्टनची पुढची फळी ढासळली, तो ५२ वेळा पाडला गेला आणि त्याचा खेळही पहिल्या वर्षाइतका चमकला नाही. मुलगा तोच होता आणि प्रशिक्षकही तेच होते.

ज्या कसोट्यांवर या मुलांना घासले जाते त्या पाहिल्या की आश्चर्य वाटते. फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसमध्ये ‘कम्बाइन’ भरते. तिथे उंची आणि वजन घेतात, चाळीस यार्ड पळवतात, आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पंजाची लांबी मोजतात. क्वार्टरबॅक जो बरो याचा पंजा नऊ इंच भरला तेव्हा तो लहान असल्याची चर्चा झाली. दुसऱ्याच मोसमात त्याने सिनसिनाटीला सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, नेले. पुढे या खेळातला सर्वांत यशस्वी क्वार्टरबॅक ठरलेल्या टॉम ब्रेडीला २००० साली चाळीस यार्डांसाठी ५.२८ सेकंद लागले होते आणि तो १९९ व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला. बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची ‘वंडरलिक’ चाचणी अनेक दशके चालली आणि २०२२ मध्ये कम्बाइनमधून बंद झाली. तिच्या जागी आकलनाचा वेग मोजणाऱ्या नव्या चाचण्या आल्या, आणि २०२३ मध्ये ड्राफ्टच्या तोंडावर अशाच एका चाचणीतले स्ट्राउडचे कमी गुण बातम्यांत झळकले. गोपनीय राहायला हवी अशी एका एकवीस वर्षांच्या मुलाची गुणपत्रिका देशभर चघळली जाते आणि ती फोडणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही, ही गोष्ट मला त्या चाचणीच्या उपयुक्ततेपेक्षा जास्त खटकते.

कम्बाइननंतर प्रत्येक विद्यापीठात ‘प्रो डे’ होतो. मुलगा ओळखीच्या मैदानावर, ओळखीच्या साथीदारांना, आधी ठरवलेल्या क्रमाने पास टाकतो. समोर एकही बचावपटू नसतो. नेटमध्ये थ्रोडाऊनवर मारलेले कव्हर ड्राइव्ह पाहून कसोटी संघ निवडावा, तसा हा प्रकार आहे. मार्च २०२१ मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या झॅक विल्सनने डावीकडे धावत, शरीराचा तोल उलट्या दिशेला असताना, केवळ हाताच्या झटक्याने मैदानात खूप खोलवर एक पास टाकला. तो पाहून क्रीडावाहिन्या भारावून गेल्या. तो पास खरोखरच विलक्षण होता. पण त्या क्षणी त्याच्या अंगावर कोणी धावून येत नव्हते, आणि कोविडच्या ज्या मोसमाने त्याचे नाव झाले, त्यात त्याच्या संघाचे बहुतेक प्रतिस्पर्धी दुय्यम दर्जाचे होते. न्यूयॉर्क जेट्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले. त्याच्या जडणघडणीकडे लक्ष देणारे अनुभवी प्रशिक्षक ग्रेग नॅप त्या जुलैमध्ये अपघातात गेले, आणि मोसम सुरू झाला तेव्हा त्याच्या शेजारी बसून दोन गोष्टी सांगेल असा एकही मुरलेला क्वार्टरबॅक संघात नव्हता. तीन मोसमांनंतर जेट्सनी त्याला डेन्व्हरकडे पाठवून दिले.

मग खरी पारख कशाने होते? माझ्या मते सामन्यांच्या चित्रफितींनीच, पण त्या पाहण्याची रीत बदलायला हवी. एक प्रसंग कल्पून पाहावा. दहा यार्ड काढायला मिळणाऱ्या चार चालींपैकी तिसरी चाल आहे आणि अजून आठ यार्ड हवेत. चेंडू हाती येण्यापूर्वी मागे दोन सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचे बचावपटू, उभे दिसतात. चेंडू निघताच त्यांतला एक झपाट्याने पुढे येतो, म्हणजे आधी दिसलेला डाव खोटा होता. डावीकडचा पहिला पर्याय आता झाकला गेला आहे. पुढच्या फळीच्या उजव्या टोकाचा खेळाडू, म्हणजे उजवा टॅकल, मागे ढकलला जातो आहे. अशा वेळी मुलाचे पाय पाहावेत. तो अर्धे पाऊल पुढे सरकून दुसऱ्या पर्यायाकडे खांदे वळवतो, की पहिल्याकडेच टक लावून बसतो, की नजर खाली टाकून पळत सुटतो? पास पूर्ण झाला की नाही, ही त्या चालीतली सर्वांत कमी महत्त्वाची नोंद आहे, कारण साथीदाराने झेल सोडला असेल किंवा बचावपटू घसरून पडला असेल. अशा पन्नास-साठ चाली सलग पाहिल्या की मुलाची सवय कळते, आणि व्यावसायिक खेळात सोबत जाते ती सवयच.

अडचण अशी की महाविद्यालयीन चित्रफितींत अशा चाली पुरेशा मिळत नाहीत. तिथल्या अनेक संघांची रचनाच मुलाला कमी विचार करावा लागावा अशी असते. बाजूच्या रेषेवरूनच प्रशिक्षक चाल ठरवतात, मुलगा एकाच बचावपटूकडे पाहून धावायचे की टाकायचे हे ठरवतो, आणि बरेच पास मागच्या मागे किंवा आडवे असतात. चेंडू ज्या दोन तुटक रेषांच्या मध्ये ठेवला जातो त्यांतले अंतर महाविद्यालयात चाळीस फूट आहे, तर व्यावसायिक मैदानावर साडेअठरा फूट, त्यामुळे महाविद्यालयात एका बाजूला आयती मोकळी जागा मिळते. एनएफएलमध्ये प्रशिक्षकाचा आवाज हेल्मेटमध्ये येतो, पण घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो बंद पडतो, आणि तिथून पुढे लांबलचक चाल साथीदारांना समजावणे, पुढच्या फळीने कोणाला अडवायचे ते सांगणे आणि गरज पडल्यास सगळेच बदलणे त्या एकट्याकडे येते. यातले कितीतरी महाविद्यालयात त्याला कधी करावेच लागलेले नसते. थोडक्यात, निवडकर्ते जे पाहू शकतात ते आणि जे पुढे लागणार आहे ते, यांत मोठी फट आहे. ती फट कोणत्याही चाचणीने बुजत नाही. ती प्रशिक्षणाने आणि वेळेनेच बुजते, आणि या दोन्ही गोष्टी संघाने द्यायच्या असतात.

ही फट चांगल्या जाणकारांनाही चकवते, याचे सर्वांत बोलके उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचे आहे. २०२१ मध्ये या संघाने बाराव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर येण्यासाठी पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या पसंती आणि वर तिसऱ्या फेरीची एक पसंती दिली, आणि नॉर्थ डकोटा स्टेटचा ट्रे लान्स घेतला. लान्सने आख्ख्या महाविद्यालयीन कारकिर्दीत ३१८ पास टाकले होते, आणि ड्राफ्टच्या आदल्या वर्षी तो एकच सामना खेळला होता. २०२२ मध्ये दुसऱ्याच सामन्यात त्याचा घोटा मोडला, हे त्याचे दुर्दैव. पण संघाचे तेच व्यवस्थापक जॉन लिंच आणि तेच मुख्य प्रशिक्षक काइल शॅनहन यांनी त्याच वर्षी ड्राफ्टच्या अगदी शेवटच्या, २६२ व्या पसंतीवर ब्रॉक पर्डी घेतला होता. आयोवा स्टेटकडून चार मोसम खेळलेल्या, उंची आणि हाताची ताकद बेताचीच असलेल्या या मुलाने पुढच्या वर्षी त्यांना सुपर बोलपर्यंत नेले. तीच माणसे, तीच नजर, तीच पद्धत. तीन पसंतींची निवड फसली आणि फुकटासारखी मिळालेली फळली. मला यातून दोन गोष्टी दिसतात. महाविद्यालयात भरपूर खेळलेल्या मुलाबद्दल आपल्याला खरोखर काहीतरी माहीत असते, आणि थोडे खेळलेल्याबद्दल आपण आपल्या आशाच माहिती म्हणून वाचत असतो. आणि शॅनहन यांच्यासारखा रचनाकार व भोवती चांगले साथीदार असतील, तर ड्राफ्टच्या शेवटच्या टोकाचा मुलगाही उभा राहतो.

संघाचा वाटा किती मोठा असतो हे २०१८ च्या तुकडीइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले: बेकर मेफील्ड पहिला, सॅम डार्नल्ड तिसरा, जॉश अॅलन सातवा, जॉश रोझन दहावा आणि लामार जॅक्सन बत्तिसावा. अॅलनबद्दलची शंका रास्त होती. वायोमिंगकडून खेळताना त्याचे जेमतेम ५६ टक्के पास पूर्ण झाले होते, आणि ज्याचा नेम महाविद्यालयात लागत नाही त्याचा पुढे लागत नाही, असा जाणकारांचा अनुभव होता. पहिल्या वर्षी तो अनुभव खरा ठरला: ५२.८ टक्के. दुसऱ्या वर्षी ५८.८. पण त्याला निवडणाऱ्या बफेलोने ना प्रशिक्षक बदलला ना त्याला हटवले. आक्रमणाचे सूत्रधार ब्रायन डेबोल सलग चार मोसम राहिले, फळी सुधारली गेली, २०२० मध्ये स्टेफॉन डिग्ज हा पहिल्या दर्जाचा रिसीव्हर आणला गेला, आणि त्या वर्षी अॅलनचे ६९.२ टक्के पास पूर्ण झाले. २०२४ च्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. आकडेवारी पाहून त्याच्यावर फुली मारणारे चुकले, हे खरे. पण बफेलोने नुसते त्याला निवडले आणि सोडून दिले असते, तर तेच बरोबर ठरले असते.

आता रोझनकडे पाहावे. ॲरिझोनात त्याच्या पहिल्याच मोसमात ऑक्टोबरमध्ये आक्रमणाच्या प्रशिक्षकाला काढले गेले आणि मोसम संपताच मुख्य प्रशिक्षकालाही. पुढच्या एप्रिलमध्ये संघाने पहिल्या क्रमांकावर काइलर मरी घेतला आणि रोझनला मायामीला धाडले. तिथेही त्याचे बस्तान बसले नाही. नंतरही त्याला संधी मिळाल्या आणि त्या त्याने साधल्या नाहीत, हे नाकारून चालणार नाही. पण पहिल्या वर्षात क्वार्टरबॅकच्या अंगी ज्या सवयी मुरतात, त्या त्याच्या अंगी काय मुरल्या असतील? डार्नल्डचे न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांत दोन मुख्य प्रशिक्षक झाले, मग कॅरोलायना, मग सॅन फ्रान्सिस्कोत राखीव. २०२४ मध्ये मिनेसोटाचा नवा क्वार्टरबॅक जायबंदी झाला म्हणून मुख्य प्रशिक्षक केव्हिन ओकॉनेल यांनी त्याला मैदानात उतरवले, पास झेलायला जस्टिन जेफरसनसारखा अव्वल रिसीव्हर होता, आणि संघाने चौदा सामने जिंकले. सहा वर्षे जो मुलगा नालायक म्हणून गणला जात होता त्याच्या हातात किंवा डोक्यात त्या उन्हाळ्यात अचानक नवे काही उगवले नव्हते.

जॅक्सनची गोष्ट वेगळ्या कारणाने बोलली पाहिजे. सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूच्या हाइस्मन पुरस्काराचा २०१६ चा विजेता, लुइव्हिलचा हा क्वार्टरबॅक इतका चपळ होता की त्याने जागा बदलून रिसीव्हर व्हावे, असे नावाजलेल्या माजी व्यवस्थापकांनी उघडपणे सुचवले. या सल्ल्यामागे मोठा इतिहास आहे. कृष्णवर्णीय मुलांकडे पाय असतात, पण हा खेळ वाचण्याची बुद्धी नसते, या गृहीतकावर कित्येक पिढ्यांच्या क्वार्टरबॅकना दुसऱ्या जागांवर ढकलले गेले. १९७८ मध्ये वॉरेन मूनला एकाही संघाने निवडले नाही. तो कॅनडात गेला, तिथे एडमंटनकडून पाच अजिंक्यपदे जिंकली, १९८४ मध्ये ह्यूस्टनच्या संघातून एनएफएलमध्ये आला आणि २००६ मध्ये त्याला एनएफएलच्या हॉल ऑफ फेममध्ये मानाचे स्थान मिळाले. दोन्ही बाजूंनी कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकने सुरुवात केलेला पहिला सुपर बोल व्हायला फेब्रुवारी २०२३ उजाडावा लागला. निवडकर्त्याच्या डोक्यात क्वार्टरबॅकचे एक चित्र आधीच असते आणि तो मुलाला त्या चित्राशी ताडून पाहतो; या सवयीने किती माणसांचे आयुष्य वाकडे वळले याचा हिशेब कधी लागणार नाही. जॅक्सनला निवडणाऱ्या बाल्टिमोरने उलटे केले. त्यांनी २०१९ मध्ये जॅक्सनच्या पायांसकट त्याच्याभोवती संपूर्ण आक्रमणच नव्याने बांधले, आणि त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराची पन्नासच्या पन्नास मते त्याला मिळाली.

उलटा प्रवासही दिसतो. अलाबामाचा क्वार्टरबॅक मॅक जोन्स याने २०२१ मध्ये न्यू इंग्लंडला पहिल्याच वर्षी बाद फेरीत नेले. मग आक्रमणाचे सूत्रधार जॉश मॅकडॅनियल्स दुसऱ्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होऊन गेले आणि ते काम मॅट पॅट्रिशियांकडे सोपवले गेले, ज्यांची ओळख बचावाचे प्रशिक्षक अशी होती. जोन्सचा खेळ घसरला तो न्यू इंग्लंडमध्ये परत सावरलाच नाही, आणि २०२४ मध्ये संघाने त्याला जॅक्सनव्हिलला देऊन टाकले.

यावर आक्षेप येईल की सगळे खापर संघावर फोडले तर मुलाची गुणवत्ता उरतेच कुठे? १९९८ मध्ये पेटन मॅनिंग आणि रायन लीफ या दोन क्वार्टरबॅकमध्ये कोण सरस यावर खरोखर वाद होता, आणि लीफचा ऱ्हास केवळ संघामुळे झाला असे कोणी म्हणणार नाही. २००७ च्या पहिल्या क्रमांकाचा जामार्कस रसेल तीन मोसमांत बाहेर पडला, त्यात त्याच्या स्वतःच्या बेफिकिरीचा वाटा होता. हा आक्षेप मला मान्य आहे. तयारीची शिस्त, चुकीनंतर सावरण्याची ताकद आणि नेमाची मूळ देणगी या मुलाच्याच गोष्टी आहेत, आणि त्या शोधणे हे निवडकर्त्यांचे काम आहे. पण मॅनिंगच्या उदाहरणाची दुसरी बाजू विसरली जाते. पहिल्या मोसमात त्याने २८ पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिले, जो नवोदितांमधला विक्रम आहे, आणि तरीही इंडियानापोलिसने त्याला एकाही सामन्यात बसवले नाही. आज त्याच आकड्यांवर किती संघ तेवढे थांबतील?

थांबत नाहीत याला पैशाचेही कारण आहे. २०११ च्या करारापासून नवोदितांचे वेतन निवडीच्या क्रमानुसार बांधलेले आहे. त्यामुळे चार वर्षे क्वार्टरबॅक स्वस्तात मिळतो, आणि वाचलेल्या पैशांत बाकीचा संघ उभारता येतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचे पाचवे वर्ष घ्यायचे की नाही हे तिसऱ्या मोसमानंतर ठरवावे लागते. परिणामी, पॅट्रिक महोम्सला कॅन्सस सिटीने जसे एक वर्ष ॲलेक्स स्मिथच्या मागे बसवून शिकू दिले, किंवा ग्रीन बेने ॲरन रॉजर्सला तीन वर्षे थांबवले, तसे थांबणे म्हणजे स्वस्तातली वर्षे वाया घालवणे, असे मालकांना वाटू लागले आहे. त्यात नोकरी धोक्यात आलेले व्यवस्थापक आणि प्रशिक्षक भर घालतात, कारण नवा क्वार्टरबॅक आणला की त्यांना स्वतःसाठी दोन वर्षांची मुदत मिळते. घाई मुलाच्या हिताची नसते, पण ती घेणाऱ्यांच्या हिताची असते.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी ड्राफ्टचा अभ्यास करून दाखवले आहे की, एखादा खेळाडू त्याच जागेसाठी त्याच्या लगेच नंतर निवडल्या गेलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता निम्म्याहून थोडीशीच जास्त असते, आणि तरी संघ वर सरकण्यासाठी भरमसाट मोजतात. हे समजल्यावर एका मुलासाठी भविष्यातल्या तीन-चार पसंती उधळणे मला समर्थनीय वाटत नाही. त्या पसंतींतूनच त्या मुलाची फळी आणि साथीदार उभे राहायचे असतात.

म्हणून संघाच्या मालकाने ड्राफ्टच्या आधी स्वतःलाच काही प्रश्न विचारावेत आणि त्यांची लेखी उत्तरे व्यवस्थापकाकडून मागावीत. आक्रमणाचा प्रशिक्षक पुढची तीन वर्षे इथेच राहील याची हमी आहे का? पुढच्या फळीतले किमान तीन जण भरवशाचे आहेत का? मुलगा तयार होईपर्यंत खेळेल आणि त्याला शिकवेल असा अनुभवी क्वार्टरबॅक संघात आहे का? या मुलाला जे उत्तम येते त्यावर आपण चाली बसवणार, की आपल्या जुन्या चालींत त्याला कोंबणार? उत्तरे नकारार्थी असतील तर त्या वर्षी क्वार्टरबॅक घेऊ नये; पहिली पसंती विकावी, फळी घ्यावी, प्रशिक्षक ठरवावा आणि मग पुढच्या तुकडीकडे वळावे. ड्राफ्टच्या दुसऱ्याच दिवशी संघांना श्रेणी वाटणाऱ्या क्रीडा पत्रकारांनीही मुलाच्या उंचीइतकीच जागा या चार उत्तरांना द्यावी. आणि एखाद्या संघाने दोन वर्षांत तीन प्रशिक्षक बदलून मुलाला टाकून दिले, तर त्या अपयशाच्या नोंदीत मुलाच्या नावाआधी संघाच्या मालकाचे नाव लिहावे.